यादीत नाव आहे, पण गुन्हा कुठला?

अमेरिकेत मोठा गोळीबार झाला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. “ज्याला सरकार विमानात चढू देत नाही, त्याला दुकानात बंदूक मिळते! दहशतवाद्यांची यादी तयार आहे, ती बघून विक्री बंद करा. आडवी येते ती फक्त बंदूकवाल्यांची लॉबी.” डिसेंबर २०१५मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या हत्याकांडानंतर ओबामांनीही हेच विचारलं होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला ते पटकन पटतं. मलाही तिथली बंदूकविक्री आणखी कडक झालेली हवी आहे. तरी हा युक्तिवाद मला पटत नाही.

यातलं खरं काय, ते आधी मान्य करू. दहशतवादाच्या संशयितांच्या यादीतल्या लोकांना (विमानबंदीची यादी हा तिचाच एक छोटा भाग) बंदुका मिळाल्या आहेत. २००४ ते २०१५ या काळात अशा नावांची खरेदीपूर्व तपासणी २,४७७ वेळा झाली आणि त्यातल्या २,२६५ वेळा विक्रीला परवानगी मिळाली.

पण ‘दहशतवाद्यांची यादी’ हा शब्दच फसवा आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बंदूक घ्यायला अमेरिकेत आधीपासून बंदी आहे, आणि ती कोर्टाच्या निकालावर उभी आहे. या यादीत नाव जायला ना न्यायाधीश लागतो, ना आरोपपत्र. अधिकाऱ्याला ‘वाजवी संशय’ आला की पुरे. तो संशय किती वाजवी असतो? मलेशियाची एक बाई स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करत होती. २००४मध्ये एफबीआयच्या एका एजंटाने तिच्याबद्दलचा फॉर्म भरताना सूचना उलट्या वाचल्या आणि नको त्या चौकोनांत खुणा केल्या. पुढच्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर व्हीलचेअरवरच्या त्या बाईला बेड्या पडल्या. चूक झाली होती, एवढं सरकारकडून वदवून घ्यायला खटला २०१३च्या डिसेंबरपर्यंत चालला. सिनेटर टेड केनेडींनाही २००४मध्ये नावातल्या साधर्म्यामुळे विमानतळावर पुन्हापुन्हा अडवलं होतं. ते केनेडी होते, वरपर्यंत फोन लावू शकत होते. बाकीच्यांनी कुणाला लावायचा?

“निर्दोष असेल तर अर्ज करून नाव काढून घेईल की!” हे उत्तर ठरलेलं. अडचण अशी की तुमचं नाव यादीत आहे की नाही, हेच सरकार सांगत नसे. विमानबंदी झालेल्या १३ जणांनी दावा लावला, त्यात माजी सैनिकही होते. जून २०१४मध्ये ओरेगॉनच्या न्यायाधीश ॲना ब्राउन यांनी ही तक्रारपद्धत घटनेतल्या ‘योग्य प्रक्रिये’च्या हमीत बसत नाही, असा निकाल दिला. कारण माहीत नसेल तर माणूस खोडून काढणार काय? आपल्याकडे मनेका गांधींचा पासपोर्ट १९७७मध्ये कारण न सांगता जप्त झाला होता. न्याय्य प्रक्रियेशिवाय माणसाचं स्वातंत्र्य हिरावता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७८मध्ये त्यावर म्हटलं, ते कायद्याचा कुठलाही विद्यार्थी झोपेतून उठवला तरी सांगेल. आणि तिथे प्रश्न नुसत्या प्रवासाचा होता. अमेरिकेत बंदूक बाळगणं हा तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या २००८च्या हेलर निकालापासून व्यक्तीचा घटनात्मक हक्क मानला जातो. तो हक्क आपल्याला आवडतो की नाही, हा मुद्दा वेगळा.

यादी लावली असती तर ते हल्ले टळले असते का? सॅन बर्नार्डिनोत गोळीबार करणारं जोडपं यादीत नव्हतं, त्यांच्या रायफली एका ओळखीच्याने घेतल्या होत्या. ऑरलँडोमध्ये ४९ जणांना मारणाऱ्याचं नाव चौकशी चालू होती तेव्हा यादीत होतं, चौकशी संपल्यावर काढलं गेलं. जून २०१६मध्ये त्याने शस्त्रं घेतली तेव्हा ते यादीत नव्हतंच.

लॉबीचं म्हणाल तर एनआरए या बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या दबावाबद्दल दुमत नाही. पण यादीवर आधारलेल्या बंदीला नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूनेही विरोध केला. त्या १३ जणांचा खटला लढणारी संघटना हीच, आणि तिला बंदूकवाल्यांची म्हणणं म्हणजे हसावं की रडावं! २० जून २०१६ला सिनेटमध्ये अशा बंदीचा सिनेटर फाइनस्टाइन यांचा प्रस्ताव ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला. त्यात आधी बंदूक नाकारायची आणि मग त्या माणसाने दाद मागायची, असा क्रम होता. सिनेटर कॉर्निन यांच्या प्रस्तावात विक्री अडवायला सरकारने तीन दिवसांत न्यायाधीशापुढे आधार दाखवायचा होता. त्याला ५३ मतं मिळाली, लागत होती ६०. तीन दिवसांत असं प्रकरण उभं राहत नाही, ही त्यावरची टीका मला रास्त वाटते. मग मुदत वाढवायची होती, न्यायाधीशालाच वगळायचं कशाला?

“म्हणजे बंदी नकोच, असंच ना?” नाही. कौटुंबिक हिंसाचारात कोर्टाचा मनाई हुकूम लागलेल्याला बंदूक बाळगता येत नाही, असा तिथे केंद्रीय कायदा आहे. २१ जून २०२४ला रहिमी खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो ८ विरुद्ध १ असा उचलून धरला. वाद शस्त्राच्या हक्कावर होता, पण त्या कायद्याची अट वाचण्यासारखी आहे: त्या माणसाला नोटीस मिळालेली असली पाहिजे, आणि सुनावणीत त्याला बोलायची संधी असली पाहिजे.