खुलासा : क्लेममध्ये तपशील वाढवला की पेटंट भक्कम होतं?

क्लेम म्हणजे पेटंटात नेमक्या कशावर हक्क सांगितलाय ते मांडणारं वाक्य. ‘क्लेममध्ये प्रत्येक नट-बोल्ट, माप आणि धातू लिहा, म्हणजे कुणी नक्कल करू शकणार नाही’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो उलटा आहे.

क्लेममधला प्रत्येक घटक ही अट असते. साधारणपणे समोरच्याच्या वस्तूत त्या सगळ्या अटी सापडल्या, तरच उल्लंघन ठरतं. समजा, पाइप धरणाऱ्या क्लॅम्पचा शोध आहे. नवीन काय, तर जबड्यांच्या आतला तिरका खाचा, जो दाब वाढला की पकड आपोआप घट्ट करतो. क्लेममध्ये मात्र लिहिलं, ‘चार एम8 स्टेनलेस स्टील बोल्टांनी जोडलेले जबडे’. स्पर्धक तोच खाचा ठेवतो, बोल्टांऐवजी खटक्याची कळ लावतो आणि बहुधा सुटतो. समतुल्यतेचं तत्त्व (शब्दशः वेगळा, पण तेच काम त्याच रीतीने करणारा भागही उल्लंघनात धरायचा) कधीकधी मदतीला येतं, पण त्यावर विसंबून मसुदा करू नये.

मग बोल्ट लिहायचेच नाहीत? लिहायचे, पण अवलंबी क्लेममध्ये, म्हणजे मुख्य क्लेमचा आधार घेऊन त्यात जादा तपशील जोडणाऱ्या क्लेममध्ये. मुख्य क्लेममध्ये खाचा, जबडे आणि ‘जबडे एकत्र धरणारा जोड’ एवढं पुरतं. अर्थात खाचाही गाळून ‘पाइप धरणारं साधन’ एवढंच लिहिलंत, तर जुना कुठलाही क्लॅम्प त्यात बसेल आणि नावीन्यच उरणार नाही. अशा वेळी तपशील घालावाच लागतो, फक्त तो नावीन्याचा हवा.

आणि हो, युरोपीय पेटंटात क्लेममधले कंसातले क्रमांक, म्हणजे आकृतीतला कोणता भाग ते दाखवणारे आकडे, क्लेमची व्याप्ती कमी करत नाहीत. तीही भीती उगाच पसरवली जाते.