जुना गेमिंग पीसी बदलावा की नाही, याविषयी काही अनुभवसिद्ध सूचना

तुम्ही स्वतःच्या हाताने जोडलेल्या संगणकात २०१४ सालचा आय-फाइव्ह ४४६० प्रोसेसर आणि २०१६ सालचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड असेल, आणि आता हा डबा बदलावा की नाही या विचाराने तुमची झोप उडाली असेल, तर सर्वप्रथम एक पथ्य कसोशीने पाळा : काहीही मोजू नका. गेम चालू असताना कार्ड किती टक्के राबते आहे, प्रोसेसरचे चारही कोअर (प्रत्यक्ष काम उपसणारे भाग) शंभरीला टेकले आहेत काय, तापमान कुठवर चढले आहे, हे सारे पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारी साधने फुकट मिळतात आणि धोका नेमका तिथेच आहे. कार्ड पूर्ण राबत असेल तर अडचण कार्डाची, कार्ड अर्धे रिकामे बसून प्रोसेसर धापा टाकत असेल तर अडचण बहुधा प्रोसेसरची, असा निवाडा अर्ध्या तासात हाती आला, तर पुढचे सहा महिने तुम्ही आणि तुमचे मित्र कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर बसून बोलणार तरी कशावर?

सेटिंग्जच्या वाटेलाही जाऊ नका. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घेऊन तो ६० वरच चालवणारे, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये खोचून कार्डाला दूषणे देणारे आणि रॅमची एकच पट्टी लावून ड्युअल चॅनेलचा, म्हणजे दोन पट्ट्यांच्या जोडमार्गाचा, निम्मा रस्ता बंद ठेवणारे सद्गृहस्थ आपल्यात कमी नाहीत. या चुका दुरुस्त करायला फार तर रॅमच्या एका जुन्या पट्टीएवढा खर्च येतो, आणि इतक्या स्वस्तात प्रश्न सुटणे कोणत्याही हौशी माणसाला शोभत नाही.

कॅबिनेटचे झाकण उघडणे तर त्याहून वाईट. आत प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा घट्ट थर बसलेला दिसेल, ती उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून तिचे पांढरे पापुद्रे झालेले दिसतील, आणि प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो हे ज्ञान नको त्या वेळी आठवेल. ब्रश आणि पेस्टची एक ट्यूब एवढ्यावर भागण्याची भीती इथे सर्वाधिक असते. साफसफाई करायचीच असेल तर उद्यमनगरातल्या एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपात डबा नेऊन कंप्रेसरची हवा पूर्ण दाबाने मारून घ्या. पंखे बोटाने अडवून धरू नका, त्यांना मनसोक्त गरगरू द्या; लाइनमध्ये साठलेले पाणी आधी सोडून देण्याचा आग्रहही धरू नका. बदलावे की नाही हा प्रश्न पुष्कळदा तिथल्या तिथेच निकालात निघतो.

एवढ्यावरही यंत्र शाबूत राहिले, तर राजारामपुरीतल्या दुकानात जा. काउंटरमागचा मुलगा तुमचा प्रोसेसर ऐकून क्षणभर आदराने गप्प राहील आणि मग म्हणेल, “भावा, नुसतं कार्ड घालून काय उपयोग न्हाई बघ.” दुर्दैवाने तो अगदीच चुकीचे बोलत नसतो. आरटीएक्स ५०६० सारखे कार्ड बोर्डाशी बोलायला आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरते, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याचा मार्ग अरुंद होतो आणि चार कोअरचा प्रोसेसर त्याला वेळेवर काम पुरवू शकत नाही. म्हणून नवा प्रोसेसर. तो जुन्या सॉकेटात बसत नाही, म्हणून नवा बोर्ड. त्यावर जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम बसत नाही, म्हणून नवी रॅम. पडक्या वाड्याची एक वीट बदलायला जावे आणि संध्याकाळपर्यंत वास्तुशांतीच्या पत्रिका छापायला टाकाव्यात, तसे हे प्रकरण वाढत जाते. या गडबडीत तो ८५० वॅटचा एसएमपीएसही (संगणकाला वीज पुरवणारा भाग) सुचवेल. जुने कार्ड १२० वॅट घेत होते आणि नवे १४५ घेते, म्हणजे फरक पंचवीस वॅटचा, हे हिशेब तिथे काढून बसू नका. (एसएमपीएस खरोखर दहा वर्षांचा झाला असेल, तर साऱ्या यादीत वॅट न वाढवताही बदलण्याजोगी वस्तू तीच. म्हणून ती शेवटी ठेवा, पैसे उरले तर.)

घरी कारण काय सांगायचे, याची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने परस्पर केली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा चौथ्या पिढीतला. “बँकेचे व्यवहार असुरक्षित झाले आहेत” हे वाक्य वडिलांसमोर गंभीर चेहऱ्याने उच्चारा. आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळवण्याची सोय होती, हा तपशील वगळावा.

ज्यांना खर्च करायचा नाही, त्यांच्यासाठी ‘थांबणे’ हा तितकाच प्रतिष्ठित मार्ग आहे. २०२१ मध्ये क्रिप्टोच्या खाणकामामुळे (म्हणजे कार्डांवर गणिते सोडवून आभासी चलन कमावण्यामुळे) कार्डांचे भाव कडाडले तेव्हा थांबलेले लोक शहाणे ठरले, कारण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या जाळ्याने कार्डांवरचे खाणकाम बंद केले आणि सेकंडहँड बाजारात कार्डांचा पूर आला. त्याच धोरणाने २०२५ मध्ये रॅमसाठी थांबलेल्यांना वर्षअखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार कसा ओढून नेला, ते पाहावे लागले. तेव्हा थांबा अवश्य, मात्र कशासाठी थांबला आहात हे कोणाला सांगू नका. भाव पडले तर तुमची दूरदृष्टी, चढले तर तुमचे वैराग्य.

अखेर नवा संगणक आलाच, तर जुना डबा कागलच्या आतेभावाला देऊन टाका. तो रविवारी झाकण उघडेल, धूळ काढेल, पेस्ट लावेल, रॅमची दुसरी पट्टी बसवेल आणि तुमचाच गेम मध्यम सेटिंग्जवर न अडखळता खेळू लागेल. त्याचा फोन येईल, “दादा, नाद खुळा चालतोय की, कशाला दिलासा?” त्याला शुभेच्छा द्या, आणि हप्ते फिटेपर्यंत कागलला जाऊ नका.