कोकरांचं लिव्हर आणि वाड्यावरची कुत्री

मेंढ्यांच्या रोगांवरच्या एका लेखात मेलेल्या कोकरांच्या लिव्हरवरच्या लाल-काळ्या रेषा सरसकट लिव्हर फ्लूक या चपट्या कृमीच्या धरल्या आहेत. दोन-तीन महिन्यांच्या, पाणथळ कुरणात कधी न चरलेल्या कोकरात फ्लूकआधी टिनिया हायडॅटिजेना या पट्टकृमीच्या अळ्यांचा संशय घ्यायला हवा. रेषेवर काप घेऊन हलकं दाबा. पानासारखा चपटा किडा निघाला तर फ्लूक. काही मिलिमीटरचा पारदर्शक मणी निघाला तर या अळ्या.

हा पट्टकृमी कुत्र्याच्या पोटात राहतो; कुत्र्याच्या विष्ठेतली त्याची अंडी चाऱ्यातून कोकराच्या पोटात जातात. अळ्या काही आठवडे लिव्हर पोखरतात, मग बाहेर पडून चरबीच्या जाळीवर पाण्याच्या पिशव्या होऊन लोंबतात. एकाच वेळी शेकडो अंडी गेली तर कोकरू पोटात रक्तस्राव होऊन अचानक मरतं. तोवर औषधाची वेळ गेलेली असते, म्हणून इलाज कुत्र्यावर करायचा.

कुत्र्याला प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध, दर किलो वजनाला 5 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोला 50 मिलिग्रॅमची एक गोळी. दर सहा आठवड्यांनी द्या, कारण पिशवी खाल्ल्यावर साधारण सात-आठ आठवड्यांत कुत्रा पुन्हा अंडी टाकू लागतो. आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या जंतनाशकाचा पट्टकृमीवर उपयोग नाही, आणि नेमकं तेच सर्रास टोचलं जातं.

मेंढरू कापल्यावर पिशव्या कुत्र्यापुढे टाकू नका. जमिनीत पुरून टाका, नाहीतर अर्धा तास उकळा. ही जात माणसाला सहसा बाधत नाही, पण तसंच कच्चं काळीज कुत्र्याने खाल्लं की हायडॅटिड हा दुसऱ्या पट्टकृमीचा रोग कुत्र्यामार्फत पसरतो, आणि तो माणसाच्या लिव्हरमध्ये गाठी करतो.