शब्द कळले नाहीत, मान्य!

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. शनिवारच्या घोडबंदर रोडवरच्या गिगबद्दल, म्हणजे नव्या बँडच्या छोट्या कार्यक्रमाबद्दल, मी भरभरून लिहिलं. तुम्ही त्याच रात्री मागच्या भिंतीशी बसून ऐकलंत आणि म्हणताय: शब्द कळले नाहीत, कान बधिर झाले, आणि 'मुंबईच्या रंगभवनच्या खुल्या रंगमंचावर आम्ही जे ऐकलं त्यापुढे हा पोरखेळ. स्वतःची गाणी रेटण्यापेक्षा चार ओळखीची वाजवली असती तर?'

आधी माझी चूक. 'खोली खचाखच भरली होती' असं मी लिहिलं. माणसं होती चाळीसेक, आणि त्यातली निम्मी बँडवाल्यांची मित्रमंडळी. एक आई तर डबा घेऊन आली होती. हे लिहायला हवं होतं.

शब्दांचंही खरं आहे, पण त्या गाणाऱ्या मुलीला बोल लावू नका. एवढ्याशा खोलीत ड्रम्सना माइक लागतच नाही, तसेच भिंती दणाणतात. मग स्वतःचं ऐकू यावं म्हणून गिटारवाला अँप (अँप्लिफायर) वाढवतो, त्याचं बघून बेसवाला. गळा बिचारा माइकच्या भरवशावर, आणि आवाजाच्या मिक्सरवरच्या पोराने तो जरा वर घेतला की मॉनिटर (गाणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्टी मारतो. पहिल्याच गाण्यात दोनदा मारली, आठवतंय? त्यानंतर त्याने हात आखडता घेतला. यावर खरा इलाज म्हणजे ड्रमरने हलक्या हाताने वाजवणं. विशीत ते कोण करतं! त्यात तुमची जागा वाईट. बेस भिंतीशी साचतो.

रंगभवनचा मला हेवा वाटतो, माझं तेव्हा वयच नव्हतं. पण तिथे १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला तेव्हा रॉक मशीन या बँडला दोन वर्षं झाली होती आणि त्यांचा पहिला अल्बम यायला आणखी दोन होती. त्यांचीही कच्ची वर्षं कुणीतरी ऐकून घेतलीच ना? आणि तेच रंगभवन पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात अडकलं. मोकळ्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद, म्हणून ही पोरं अशा खोल्या धरतात.

ओळखीच्या गाण्यांचं म्हणाल, तर २०२५ च्या जानेवारीत नेरूळला डी. वाय. पाटीलवर कोल्डप्ले ऐकलं. ओळ न् ओळ सगळ्यांना पाठ. मजा आलीच. पण शनिवारी ती मुलगी ऐरोलीच्या पुलावर अडकलेल्या बसचं गाणं गात होती, मध्येच चुकली, हसली, पुन्हा पहिल्यापासून धरलं. आणि पुढची ओळ काय येणार हे खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. डबेवाल्या आईलासुद्धा नाही. मी त्यासाठी जातो.

तिकिटाचे पाचशे रुपये जास्त वाटले म्हणालात, त्यावर मात्र तुमच्याच बाजूने. तिकिटात एक पेय धरलेलं होतं, दारावर तुम्हाला कुणी सांगितलं नाही ही त्यांची चूक.

पुढच्या वेळी मिक्सरशेजारची खुर्ची धरून ठेवतो. कापूस आणू नका, माझ्याकडे इअरप्लगची जादा जोडी आहे.