नवं अँड्रॉइड आलं नाही म्हणून व्हॉट्सॲप बंद होत नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर कालपासून मेसेज फिरतोय : 'ज्या फोनला नवं अँड्रॉइड आलेलं नाही, त्यावर व्हॉट्सॲप १ तारखेपासून बंद. लगेच नवा फोन घ्या.' हे चुकीचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने साथ सोडली ती अँड्रॉइड ४.४ ची, म्हणजे २०१३ सालच्या 'किटकॅट' नावाच्या आवृत्तीची.

आईचा फोन अँड्रॉइड ११ वर अडकलाय. 'लवकरच' म्हणत कंपनीने दीड वर्ष झुलवलं, पुढचं अपडेट आलंच नाही. याचा राग मलाही आहे. पण तिचं व्हॉट्सॲप व्यवस्थित चालतंय. काल रात्री तिच्या सेटिंग्जमध्ये शोधलं, तर सिक्युरिटी पॅच (सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारं कंपनीचं अपडेट) जुना, पण 'गूगल प्ले सिस्टीम अपडेट'ची तारीख त्याच्या कितीतरी नंतरची! २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून सिस्टीमचे काही भाग गूगल थेट अपडेट करतं, फोन कंपनीसाठी अडून राहत नाही.

म्हणून सगळं सुरक्षित, असंही नाही. चिप आणि ड्रायव्हर (फोनचे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) यांच्यातल्या त्रुटी कंपनीच्या पॅचनेच बुजतात, आणि तो चिपवाल्याकडून कंपनीकडे, तिथून प्रत्येक मॉडेलच्या चाचणीतून जातो. उशीर तिथेच होतो. पॅच थांबलाय म्हणून आईच्या फोनवरून बँकेचं ॲप मी काढलं, फोन मात्र तोच ठेवला.

आमच्या एका मावशी हप्त्यावर फोन घ्यायला निघाल्या होत्या. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.