टेबल रॉक दिसला म्हणून चित्र १८५० पूर्वीचं ठरत नाही

नायगारा धबधब्याची एकोणिसाव्या शतकातली छापील चित्रं जमवणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा फिरतोय: चित्रात टेबल रॉक नावाचा कडा असेल तर छपाई १८५० च्या आधीची, आणि रंगीत असेल तर रंगही तेव्हाचाच. पहिलं अर्धवट खरं आहे, दुसरं बहुतेकदा चूक.

कॅनडाच्या बाजूचा तो पुढे आलेला कडा १८५० मध्ये कोसळला, हे बरोबर. पण त्यावरून फार तर मूळ रेखाटन कधीचं याचा अंदाज येतो. पोलादी पत्र्यावर कोरलेल्या चित्राच्या हजारो प्रती निघत, आणि पत्रा धड असेपर्यंत तो पुन्हा पुन्हा छपाईला लागे. शिवाय जुन्या चित्रांच्या नकला सर्रास होत. उलट दिशेची खूण मात्र कामाची: अभियंता जॉन रोब्लिंगचा नायगारा नदीवरचा झुलता रेल्वेपूल १८५५ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो दिसत असताना कोणी '१८४०' सांगत असेल तर सरळ हात जोडा.

आता रंग. चित्रकार विल्यम हेन्री बार्टलेटच्या रेखाटनांवरून लंडनचा प्रकाशक जॉर्ज व्हर्च्यूनं पुस्तकांत प्रसिद्ध केलेली नायगारा-दृश्यं काळ्या शाईत छापलेली होती. आज दिसणारा रंग बहुधा मागाहून भरलेला, कित्येकदा पुस्तक फोडून पानं सुटी विकताना. भिंगातून पाहा: तुषारांवरचा निळा रेषेबाहेर ओघळला असेल तर हातानं भरलेला. रेषाच ठिपक्यांची निघाली, तर ती नंतरची फोटोवरून केलेली छपाई. करियर अँड आइव्हज या अमेरिकी छापखान्याच्या शिळाछाप चित्रांची गोष्ट वेगळी. ती त्यांच्याकडूनच हातानं रंगवून विक्रीला येत.