१७ नंबरचे प्रवासी

आम्ही रोमला जाऊन आलो, असं सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे आमचं जहाज गेलं होतं चिवितावेकियाला. पण डोंबिवलीत कुणाला 'चिवितावेकिया झालं' म्हणून सांगितलं, तर समोरचा काळजीने विचारेल, "मग आता गोळ्या चालू आहेत का?"

भूमध्य समुद्रातल्या क्रूझची ही गोम आधी कुणी सांगत नाही. कार्यक्रमपत्रिकेत रोम लिहिलेलं असतं आणि बंदर लागतं ते सत्तर-ऐंशी किलोमीटर अलीकडे. फ्लॉरेन्स लिहिलं असेल तर लिव्होर्नो समजायचं. पुणे दाखवतो म्हणून लोणावळ्याला उतरवण्यातला प्रकार.

सकाळी सातला जहाजाच्या नाट्यगृहात सगळ्यांना बसवलं आणि छातीवर एकेक स्टिकर डकवला. आम्हाला १७ नंबर आला. त्या क्षणापासून आम्हाला नाव उरलं नाही. "सेव्हन्टीन, कम!" म्हटलं की उठायचं. बायकोने स्टिकर पर्सला लावला, कारण कुर्ता नवा होता. गाईडबाईंनी तो तिथून काढून पुन्हा कुर्त्यावर लावला आणि वर हाताने दाबून बसवला. पुढचे दोन तास ही माझ्याशी बोलली नाही. जणू स्टिकर मीच छापला होता.

गळ्यात एक डबी, कानात तिचं बोंड. बाई पुढे पिवळी छत्री उंच धरून चालणार, आपण कानात ऐकत मागून. बाईंपासून जरा लांब पडलं की खरखर सुरू होते आणि मग भलत्याच ग्रुपचा गाईड कानात शिरतो. मी कोलोसियमची, म्हणजे जुन्या रोमन लोकांच्या झुंजी बघायच्या मैदानाची, निम्मी माहिती जर्मनमध्ये ऐकली. मान मात्र हलवत होतो. पैसे भरलेले होते.

तरी एक गोष्ट नीट कळली. कोलोसियमचं उद्घाटन इ. स. ८० मधलं. त्याला ऐंशी दारं होती आणि प्रेक्षकांच्या दारांवर नंबर कोरलेले होते. प्रेक्षकाने आपला नंबर बघायचा, त्या दाराने आत शिरायचं. म्हणजे माणसाला नंबर देऊन हाकण्याची विद्या क्रूझवाल्यांनी शोधलेली नाही, ती तिथलीच आहे. मी मोठ्या हौसेने १७ नंबरचं दार शोधायला निघालो. बाहेरच्या भिंतीत आता २३ ते ५४ एवढेच नंबर उरलेत. दक्षिणेची बाजू १३४९ च्या भूकंपात कोसळली. आमचं दार पावणेसातशे वर्षांपूर्वीच पडलेलं!

"आपलं सगळीकडे असंच असतं," बायको म्हणाली. दोन तासांनंतरचं पहिलं वाक्य.

आत जायचं तिकीट आमच्या सहलीत नव्हतंच. बाहेरून वीस मिनिटं, पुढे त्रेवी कारंजं. तिथे खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो म्हणतात. एक युरो म्हणजे किती, याचा हिशोब करून हिने रुपयाचं नाणं टाकलं. परत येऊ बहुतेक, पण चिवितावेकियापर्यंतच.

लिव्होर्नोहून पिसाला गेलो. मनोरा कललेला आहे.

फ्रान्समधल्या मार्से बंदराला मात्र आम्ही स्वाभिमान दाखवला. स्टिकर नको, छत्री नको, आपले आपण जाऊ. तिथल्या जुन्या बंदरावरून बस पकडून डोंगरावरच्या नोत्र-दाम द ला गार्द या चर्चमध्ये पोचलो. आत छतापासून छोटी छोटी जहाजं टांगलेली. समुद्रातून सुखरूप आल्याबद्दल दर्यावर्दी लोकांनी वाहिलेली. ही हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, आपलं जहाज सुखरूप आहे. साडेपाचला निघतंय ते. आपलं काय ते बघ."

घड्याळात चार वाजून गेले होते. जहाज स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर थांबतं. स्वाभिमानी माणसांसाठी थांबत नाही. खाली उतरायची बस भरलेली, दुसरी ट्रॅफिकमध्ये अडकलेली, आणि तिसरीने आम्हाला फाटकाशी सोडलं तेव्हा जहाज समोर दिसत होतं, जवळ नव्हतं. बंदरात जे समोर दिसतं ते एक किलोमीटर लांब असतं.

आम्ही पळायला लागलो. मी पुढे, मागे सँडल हातात घेतलेली ही, तिच्या मागे तिच्या पिशवीतून पडलेले साबण. मार्सेचे साबण प्रसिद्ध आहेत. चौकोनी असूनही घरंगळतात.

वर बघितलं तर जहाजाच्या सगळ्या मजल्यांवरचे कठडे माणसांनी भरलेले. हातात पिझ्झाच्या बशा. उशिरा येणाऱ्यांना पळताना बघायला लोक आधीपासून जागा धरून बसतात, हे मला नंतर कळलं. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. कोलोसियमच्या आत जायला मिळालं नव्हतं, ते असं मिळालं. दहाव्या मजल्यावरून एका टकल्या गृहस्थाने हात पुढे काढून अंगठा दाखवला. वर होता की खाली, उन्हामुळे नीट दिसलं नाही.

"अहो," मागून धापा टाकत आवाज आला, "तोंड जरा हसरं ठेवा. वरून फोटो काढतायत."